ख्वाचं खातं

माझा मुलगा ख्वा जाऊन वर्ष झालं. आमच्यात कागदाच्या वस्तू जाळल्या की त्या गेलेल्या माणसाला पोचतात. म्हणून त्याच्यासाठी मी अशा वस्तूंच्या हांग मा गल्लीतून कागदाचे बूट घेतले, कागदाचं घड्याळ घेतलं आणि व्हिडिओ गेमच्या कागदी सीड्या मागितल्या.

दुकानदारीण हसली. "ताई, कुठल्या जमान्यात आहात? आता सीडी निघतच नाही. पोरं आपापल्या ऑनलाइन खात्यातून परस्पर गेम उतरवून घेतात."

"मग तो तिकडे खेळणार कसा?"

"पासवर्डच पाठवा की जाळून," ती चेष्टेनं म्हणाली.

घरी येऊन मी ख्वाच्या वहीतलं पासवर्डचं पान फाडलं आणि त्याच्या फोटोपुढं बाकीच्या कागदांबरोबर जाळलं. माझ्या धाकट्या लेकीनं, न्हीनं, कपाळाला हात लावला. "आई, अगं, दुसरीकडे कुठंच लिहिलेला नव्हता तो. दादाचे सगळे गेम गेले. आता ना तुला उघडणार, ना मला."

"ज्याचे होते त्याला पोचले," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुपारी जेवत होतो. माझा फोन वाजला. ख्वानं खात्याला माझाच नंबर दिला होता. 'आपले खाते आत्ता एका नव्या यंत्रावर उघडले गेले आहे. हे आपणच केले का?'

न्हीच्या जेवायच्या काड्या वाडग्यातच थांबल्या. "चोर असेल गं कुणीतरी. 'नाही' दाब, लगेच बाहेर हाकलतील त्याला."



खोटं बोलायचं नाही हे व्रत मी एकवीस वर्षं पाळलं होतं. त्या दुपारी मी 'हो, मीच' दाबलं.