फिरायला निघालेली आई

"कशाला चाललात?" साहिलने विचारलं.

"फिरायला," हंसाबाई म्हणाल्या.

"काकू, असं तोंड पाडून कोण फिरायला जातं? परत म्हणा."

केबिन रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वर साहिलचं व्हिसाचं ऑफिस आहे. पहिल्या खेपेलाही त्याने हेच पढवलं होतं. पण हंसाबाई मुलाखतीच्या खिडकीपाशी गेल्या आणि ताठ मानेने खरं बोलून बसल्या. लेकीचं बाळंतपण करायला चाललेय. तिला शेक देईन, बाळाला न्हाऊ घालीन, रात्री त्याला घेऊन बसेन म्हणजे पोरीला जरा झोप मिळेल. खिडकीपलीकडच्या बाईने सगळं टिपून घेतलं आणि व्हिसा नाकारला गेला. पाहुणीने काम करायचं नसतं म्हणे! आईने लेकीचं केलेलं तिकडे कामात धरतात, हे मीरा रोडच्या बाईला कुठून ठाऊक असणार?

आता हा दुसरा अर्ज. रसिकाला आठवा महिना लागलाय. पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून पोरीने धसका घेतलाय. रोज फोनवर एकच विचारते, येतेयस ना गं?

"तिच्या सासूबाई आहेत ना तिकडे?" साहिल म्हणाला.

"त्या तिकडच्याच, पण दुसऱ्या गावाला असतात, नोकरी आहे त्यांना. लग्नाला आल्या होत्या इथे. घरबसल्या इथला व्हिसा मिळाला, तोही तीन-चार दिवसांत. महिनाभर राहिल्या. माझ्या किचनमध्ये उभं राहून पोळ्या लाटल्या. त्यांना नाही कुणी विचारलं, काम करणार का म्हणून."

"त्यांचा पासपोर्ट बघा, काकू. आणि आपला बघा."

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच हंसाबाईंना त्याचा जास्त राग आला.

"चला." साहिल पुन्हा ऑफिसरच्या आवाजात विचारू लागला. "मुलगी प्रेग्नंट आहे. तुम्ही तिला मदत करणार?"

"नाही."

"मग तिचं कोण करणार?"

"तिचा नवरा आहे."

"तो ऑफिसला गेला आणि बाळ रडायला लागलं तर?"

हंसाबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

"काकू, ऑफिसर थांबत नाही."

"बाळाची आई घेईल त्याला."

"आईला ताप असला तर? तिला उठवतच नसलं, तर तुम्ही काय करणार?"

खाली दोन रिक्षावाले भांडत होते. कुणीतरी हॉर्न दाबूनच धरला होता. हंसाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मी म्युझियम बघायला जाईन."

"परफेक्ट," साहिल म्हणाला. "आता हेच हसून म्हणा."