थुंकलेला घास

वस्तादांनी गरम पावाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला आणि मान वळवून कचऱ्याच्या डब्यात थुंकून टाकला.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

पीठ मळणारा गडी हळहळला. "वस्ताद, एखादा घास गिळा की. पाव रडतोय बघा."

"रडू दे. माझ्यावर रडायची पाळी यायला नको."

बेकरीत प्रत्येक खेपेचा पहिला पाव वस्तादांनी चाखायचा, मगच बाकीचे फळीवर जायचे, असा रिवाज होता. खरं सांगायचं तर आयुष्यभर त्यांनी तो पाव चाखला नव्हता, खाल्ला होता, तोही लोणी थापून. त्या लोण्यानंच वजन हाताबाहेर गेलं. गुडघे कुरकुरू लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. शेवटी बायकोनं हट्टाला पेटून त्यांना ऑपरेशनला तयार केलं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करायची, म्हणजे भूकही आपोआप मरते, असं सगळेच सांगत होते.

वजन उतरलं. कपडे ढगळ झाले, शेजारीपाजारी कौतुक करू लागले. भूक मात्र काही मेली नाही. वाटीभर सूप पिऊन ते कामावर यायचे आणि थोड्याच वेळात पोटात कावळे ओरडायला लागायचे. भट्टीचं दार उघडलं की तोंडाला असं पाणी सुटायचं की बोलायची चोरी. ज्या पोटासाठी एवढं सोसलं त्यानंच केसानं गळा कापावा, याचा त्यांना मनापासून संताप यायचा.

"भूक पोटात नाही, डोक्यात आहे तुमच्या," बायको म्हणायची. "पोट तर आता एवढंसं राहिलंय."

हे ती रागावून म्हणत नसे. समोर बसून तीही तेवढंच वाटीभर सूप प्यायची. "तुम्ही उपाशी आणि मी ताट भरून जेवू? घशाखाली उतरेल का मला?" दवाखान्याच्या खेपाही तिनंच अंगावर घेतल्या होत्या. "तुम्हाला भट्टी सोडवत नाही. आणि डॉक्टरांना सांगायचंय तरी काय? वजन तेवढं मी सांगून येते."

वस्तादांना ते बरंच वाटायचं. एवढं करूनही भूक लागते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ऑपरेशननंतर ते अर्धवट गुंगीत असताना डॉक्टर खाटेजवळ आले होते. खांद्यावर थोपटून म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नका. आता सगळं तुमच्या हातात आहे." हातात म्हणजे काय, तर समोरचा पाव सोडणं. ते वस्ताद जीव मुठीत धरून करत होते.

एका दुपारी गडी जेवायला गेले होते. नव्या खेपेचा पहिला पाव वस्तादांनी मोडला, चावला, आणि थुंकायला मान वळवली तर घास केव्हाच आत गेला होता. त्याच्यामागून दुसरा गेला. लोण्याचा डबा कधी उघडला हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भानावर आले तेव्हा फळीवर नुसता चुरा उरला होता.

भीतीनं त्यांना दरदरून घाम फुटला. दोन घास जास्त गेले तरी टाके उसवतील, असं बायकोनं शंभरदा बजावलं होतं. पिठाच्या पोत्यावर बसून ते कळ येण्याची वाट पाहत राहिले. उलटी नाही, कळ नाही, साधी मळमळही नाही. उलट कित्येक महिन्यांनी जिवाला बरं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. अख्खा पाव आत मावला म्हणजे पिशवी फाटलीच असणार.

संध्याकाळी बायकोनं वाट्या मांडल्या.

"चेहरा का उतरलाय? कुणी काही बोललं का?"

"नाही गं. भट्टीची धग."

"जपा हो," ती म्हणाली. "एवढं केलंय आपण. वाया जायला नको."

वस्तादांना तिच्याकडे बघवेना. जिनं आपल्यापायी स्वतःचं पोट मारलं, तिच्याशीच आपण दगाबाजी केली, तीही एका पावासाठी.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून, घरी न सांगता, ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांना लगेच ओळखलं.

"वा, बरेच उतरलात की! कमाल केलीत."

"कसली कमाल, डॉक्टर? माती खाल्ली मी." वस्तादांनी हात जोडले. "अख्खा पाव खाल्ला, लोण्यासकट. तुमची सगळी मेहनत मातीत घातली. पिशवी फाटली असेल तर परत शिवा, काय वाटेल ते करा, पण बायकोला कळू देऊ नका. ती कोलमडून पडेल."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुठली पिशवी?"

"तुम्ही कापलेली. केळ्याएवढी."

"अहो, पोटावर तीन भोकं पाडली आणि तुमचे ठोके बिघडले. मी तिथंच थांबलो. आतड्याला नाही, जठराला नाही, कशालाही हात लावला नाही." डॉक्टर गोंधळून त्यांच्याकडे बघत होते. "त्याच वेळी बाहेर येऊन तुमच्या मिसेसना सांगितलं. त्या म्हणाल्या, शुद्धीवर आले की मीच सांगेन. आणि अजूनही दर वेळी आल्या की मला सांगतात, तुम्ही ते किती हसत हसत स्वीकारलंत म्हणून."