तपकिरी छटा

“डोळे मिट,” मऊ ब्रश तपकिरी रंगात बुडवत चारुता नवरीला म्हणाली. हेमांगीचा उजवा डोळा मिटला. डावा तसाच उघडा राहिला.

“महिन्यापूर्वी चेहऱ्यावरून वारं गेलं,” दाराची कडी लावत तिची आई पुटपुटली. “ओठ सावरले, पापणी तेवढी राहिली. मुलगा कालच जहाजावरून आलाय, त्याला ठाऊक नाही. चमकी नको गं, नजर तिथेच जाईल. एकदा अंतरपाट दूर झाला, की निभावलं.”

चारुताने बोटाने ती पापणी अलगद खाली धरली. मोठा ब्रश हलका फिरवला, तर डोळा टवकारल्यासारखा दिसे. बारीक ब्रशने खोबणीत गडद रंग भरून कडा विरवल्या, तेव्हा कुठे तो दुसऱ्याच्या जोडीचा वाटू लागला. हात सफाईने चालत होता, आणि त्या सफाईचीच तिला लाज वाटत होती.

हेमांगीने आरशात पाहिले. “लपलं की हो, ताई.”

“लपलं.”

“मग पुसा. आणि त्याला बोलवा.”

“वेड लागलंय का तुला?” आई म्हणाली. “बाहेर मांडव भरलाय.”

“त्याला सोडून जायचं असेल, तर मांडवातूनच जाऊ दे, आई. उद्या घरातून नको.”

चारुताने ओल्या कापसाने रंग पुसला आणि कडी काढली. निरोप गेला. मुंडावळ्या सावरत तो दारात येऊन उभा राहिला. त्याला पाहताच हेमांगीचा सगळा धीर सुटला आणि तिने डोळे मिटून घेतले.

एक मिटला. दुसरा त्याच्यासमोर उघडाच राहिला.