सातवा स्क्रू

सहा स्क्रू निघाले होते. सातवा निघेना. त्याच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत चावी घातली की घसरायची. पुन्हा घातली, पुन्हा घसरली.

"डॉक्टर, जोर लावू नका," फिटर म्हणाला.

ऑपरेशनच्या टेबलावर तोच आडवा होता. कमरेखालचं अंग बधिर केलेलं, छातीवर हिरवा पडदा, पडद्यापलीकडे उघडलेला त्याचा पाय. चौदा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नडगीवर बसवलेल्या पोलादी पट्टीभोवती पू झाला होता. पट्टी निघाली तर पाय राहणार, नाही तर गुडघ्यातून जाणार. तशा कागदावर त्याने सकाळी अंगठा उठवला होता. त्याच कागदावर 'अशिक्षित' असंही लिहिलं होतं. सव्वीस वर्षं बॉयलर खोलून बसवणारा माणूस अशिक्षित. लिहिणाऱ्याला घरचा गळका नळ आवळता येत नसेल.

"काका, गप पडून राहा," डॉक्टर मास्कमधून म्हणाले. "हे गॅरेज नाही."

सिस्टर मास्कमध्येच हसली. फिटरने हूं की चूं केलं नाही. उजव्या पंजाने त्याने टेबलाची पोलादी कड धरून ठेवली होती. तो हात सिस्टरने दोनदा पट्ट्यात बांधायला घेतला, दोनदा त्याने सोडवून घेतला.

"भारी हट्टी आहे हा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दात आवळून चावी फिरवली. पुन्हा घसरली.

"तो त्या सहांमधला नाही," फिटर म्हणाला. कारखान्यात बोलतात तसा, चढ्या आवाजात. "ते मिलिमीटरचे होते, हा इंचाचा आहे. बसवताना एक कमी पडला असेल, दिला हाताला येईल तो ठोकून. आमच्याकडेही करतात हरामखोर. मिलिमीटरचा पाना यात जातो, बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. अजून दोनदा फिरवलात तर आतले कोपरे गोल होतील. मग कोणाचा बाप आला तरी तो निघणार नाही."

"तुम्हाला इकडचं काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

फिटर छताकडे बघत राहिला. एवढी मस्ती डॉक्टरांनी कोणा पेशंटची पाहिली नव्हती. पण हात थांबला तो थांबलाच.

निवृत्त झालेल्या थोरल्या डॉक्टरांची जुनी पेटी कपाटात पडून होती. तिच्यात इंचाच्या चाव्या होत्या. त्या निर्जंतुक होऊन येईपर्यंत अर्धा तास गेला.

पहिली चावी सैल पडली. डॉक्टर ती फिरवणार, तोच फिटर म्हणाला, "हा नको. एक नंबर मोठा."

दुसरी घातली. अजून ती फिरलीही नव्हती.

"आता बसला. सावकाश घ्या."

स्क्रू कुरकुरला, हलला आणि लोण्यातून निघावा तसा वर आला. डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये बाकीच्या सहांशेजारी ठेवला. सातही सख्ख्या भावांसारखे दिसत होते. फरक केसाएवढा होता.

बाहेर बाकावर फिटरची बायको मूठ आवळून बसली होती.

"मावशी, पाय वाचला," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याच कानांनी वाचवला. नुसत्या आवाजावरून पाना ओळखला त्यांनी. असा कान मी जन्मात पाहिला नाही."

बाईने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग मूठ उघडली. आत अंगठी होती आणि कानाचं मशीन.

"आत न्यायचं नाही म्हणून सकाळी वॉर्डातल्या सिस्टरने काढून दिलं," ती म्हणाली. "कान त्यांचे बॉयलरने कधीच खाल्ले. याच्याशिवाय उशाशी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नाही."

डॉक्टर आत परतले. टेबल रिकामं होतं, अजून पुसलेलं नव्हतं. पोलादी कडेवर घामाने उमटलेला पंजा होता. त्यांनी हातमोजा काढला, त्या पंजावर आपला पंजा ठेवला आणि डोळे मिटले.

"सिस्टर, तिकडच्या टोकाला चावी टेकवून जरा फिरवा."

ते थांबले. बराच वेळ थांबले.

"फिरवा ना."

"फिरवतेच आहे कधीची," सिस्टर म्हणाली.