सुबुद्धी

बँकेतली नोकरी सोडून मी कीर्तनाला उभी राहू लागले, तेव्हापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. काल आमच्याच गावच्या, वरवट बकालच्या सप्ताहात माझं कीर्तन झालं. संपल्यावर रीतीप्रमाणे सगळे पाया पडायला आले. कीर्तनकाराच्या पाया पडताना कोणी वय पाहत नाही. रांगेत बाबाही दिसले आणि माझा ऊर भरून आला.

बाबा वाकले, पायांवर डोकं टेकवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "महाराज, माह्या पोरीले सुबुद्धी द्या. चांगली नोकरी सोडून गावोगाव टाळ कुटत फिरून राह्यली."

मांडवात हशा पिकला. माझ्या अंगाची आग झाली. बुक्का लावायला उचललेलं बोट तसंच थांबलं.

"शालिग्रामभाऊ," मीही महाराज होऊनच विचारलं, "ते पोरगी लहान होती तवा तिले खांद्यावर बसवून रोज कीर्तनाले कोण आणे? तिचा डोळा लागला तं चिमटा काढून कोण उठवे?"

थांबलेलं बोट मी बाबांच्या कपाळाला टेकवलं.

"मंग आता सुबुद्धी कोणाले देऊ, ते सांगा."