पाठ वर, पाठ खाली

"बोडीच्या पाळीवर होता, तणसाच्या ढिगामागं," पत्रू सांगत होता. "चार पायावर. पिवळा, वरतं काळे पट्टे. पाठ अशी वर केली, मंग खाली केली. मी सायकल तिथीच टाकली अन् पळालो."

समाजमंदिरासमोर गाव जमलं होतं. पत्रू रोज पहाटे बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासोळी घेऊन फाट्यावर जायचा, सावली गावाला जाणाऱ्या पहिल्या बससाठी. उगाच थापा मारणारा माणूस नव्हता तो. त्याने पाहिलं तेव्हापासून वनरक्षक दिनेशने बोडीकडे कोणाला फिरकू दिलं नव्हतं, आणि तिकडेच गावातल्या बायांची मोहाची झाडं. मोह काय, बंदी उठेपर्यंत थांबतो थोडाच? फुलं पडत होती आणि ढोरं खात होती. घरोघरचं वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांवर, म्हणून बाया चिडल्या होत्या.

कुंताबाई मागे खांबाला टेकून बसली होती. बाकीच्यांना वाघाची भीती. तिची भीती वेगळीच होती.

दिवाळीच्या सुमारास धानाचा भारा डोक्यावर घेऊन ती शेताच्या धुऱ्यावरून घसरली आणि कमरेचा मणका दबला. डॉक्टर म्हणाले, आता भारा उचलणं विसरा. पण सून दामिनी गप्प बसणारी नव्हती. तिने सावलीत व्यायाम शिकवणारी एक मॅडम शोधून काढली. मॅडम त्याला पिलाटेस म्हणायच्या. कुंताबाईच्या जिभेवर ते नाव कधी बसलंच नाही. उड्या नाहीत, वजनं नाहीत. निजून, बसून, चार पायांवर होऊन, श्वासाबरोबर पोटापाठीला हळूहळू बळ आणायचं. बाजाराच्या दिवशी मॅडमसमोर, बाकी रोज पहाटे आपलं आपण.

बाजाराला जायचं म्हणजे ती अंधारातच घर सोडायची. फाट्यापर्यंत पोचायला तिला म्हाताऱ्या बैलापेक्षा जास्त वेळ लागे.

आणि आपलं आपण करायचं ते कुठे? गल्लीत सासूने पाय वर केलेले दिसले असते तर बाया हसून लोळल्या असत्या. म्हणून तिने बोडीवरच्या तणसाच्या ढिगामागची जागा धरली. खाली मऊ पेंढा, आडोसा चांगला. पाठीला गारवा लागू नये म्हणून मॅडमने सांगितल्याप्रमाणे चादर बांधायची. चादर पिवळी, काळ्या पट्ट्यांची.

हे गुपित एकट्या दामिनीला ठाऊक होतं.

"आई," दामिनी कानाशी पुटपुटली, "ते तुमीच तं होत्या."

"मले बी तसंच वाटून राह्यलं."

"मंग सांगा ना. माह्यं झाड तिथीच हाये. सारा मोह चालला."

"लोकं हासतीन वो."

"हासू द्या."

कुंताबाई खांब धरून उठली. गावासमोर अशी उभी ती आयुष्यात कधी राहिली नव्हती. लाजेने तिचे कान तापले.

"गार्डसाहेब, तो वाघ नाई. मी होती."

तिने व्यायामाचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. दिनेशने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "करून दाखवता काय?"

दामिनीने धावत जाऊन चादर आणली. कुंताबाईने ती पाठीला बांधली आणि सगळ्या गावासमोर ती हात-गुडघे टेकून चार पायांवर झाली. पाठ वर. पाठ खाली.

पहिली हसली ती शेजारची शकुबाई. मग सगळं गाव हसलं. पत्रूच तेवढा हसला नाही.

"असंच होतं," तो म्हणाला. "पन मले मोठं दिसलं."

"भेलेल्या माणसाले लहान दिसते काय?" शकुबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

दिनेशलाही हायसं वाटलं. बोडीवरची जमीन टणक, वर तणस पसरलेलं. त्याने दोनदा फिरून पाहिलं होतं आणि एकही ठसा मिळाला नव्हता. त्याने बंदी उठवली. बाया कुंताबाईभोवती जमल्या. कोणी चिडवलं, कोणी हळूच विचारलं, "आमच्या कंबरेलेबी शिकवान काय वो बाई?" तिला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने चटई सरळ अंगणात अंथरली. आता कोणाची लाज? दामिनी टोपली घेऊन तिच्या आधीच उठली होती.

"एकटी नको जाऊ बाई."

"शकुबाई येऊन राह्यली मागून. ते येईपर्यंत ढोरं खाऊन टाकतीन सारं." दामिनी फाटकातून वळून हसली. "अन् बोडीवर आता कायचा वाघ? वाघ तं घरी चटईवर हाये."

कुंताबाई हसत हसत चार पायांवर झाली. श्वास घेतला, पाठ वर केली. उजाडू लागलं होतं.

फाटकाशी सायकल थांबली. पत्रू होता. मासोळीची टोपली रिकामीच होती. आज तो बोडीवर गेलाच नव्हता.

"बाई, रातभर झोप नाई आली मले. एक गोष्ट समजून नाई राह्यली."

"कोन्ती रे भाऊ?" तिने तसंच, मान न वळवता विचारलं.

"मी ढिगापासून पळालो तो सिध्धा फाट्यावर. बाजाराचा दिवस होता. तिथी तुमी बसच्या वाटेकडे पाहत दगडावर बसून होत्या. माह्या तोंडातून शब्द निंगत नव्हता, तुमीच तं पानी देल्लं मले." पत्रूने तिच्या कमरेकडे पाहिलं. "मंग माह्या आधी तुमी तिथी पोचल्या कशा, ह्या कमरेनं?"