औषधातली भर

तेओफिलने टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा तीस डोस द्या, मॅगिस्टरबाई. आणि भर तीच, साखरेची. पिठाची नको."

"पिठाची कशी घालेन, तेओफिलकाका?" इर्मिना म्हणाली. औषधवाल्या बाईला गावात मॅगिस्टरच म्हणत.

सानोकच्या चौकातल्या तिच्या औषधाच्या दुकानात काही औषधं अजून हातानं बनत. तेओफिलच्या बायकोला, लेओकादियाला, हृदयाचे ठोके आवरायचं औषध लागे ते इतकं इवलंसं, की भर घातल्याशिवाय चिमटीतही आलं नसतं. नेहमीची भर गव्हाच्या सत्त्वाची. लेओकादियाला गहू चालत नव्हता. बारा वर्षं, कणभरही नाही. म्हणून गेल्या महिन्यात इर्मिनानं ग्लुकोज निवडलं. ते मक्याचंच आहे ना, हे कारखान्याला दोनदा फोन करून विचारलं आणि त्यांचं लेखी उत्तर भिंतीला टाचलं. या कामाचा तिला थोडा अभिमानच होता.

"काकू कशा आहेत?"

"वाईट. दिवसातून सहादा पोट जातं. स्कर्टला पिन लावावी लागते. सोमवारी आत नळी घालून बघणार आहेत." भाजीचे भाव सांगावेत तसं तो सांगत होता. "घरात कुठूनतरी पीठ शिरतंय. पातेली घासून झाली. भाजी चिरायची फळी फेकली. लाकडी चमचे चुलीत घातले, तिच्या आईच्या हातचे होते. तरी सापडत नाही."

तेवढ्यात दार ढकलून चर्चमधला ऑर्गन वाजवणारा आत आला. डिसेंबर लागला, की नाताळचे ओप्वातेक घरोघर पोचवायचं काम त्याचंच. त्यानं काउंटरवर एक पांढरं पाकीट ठेवलं.

"तुमच्या दारातून एकच आत टाकलाय, काका," तो तेओफिलला म्हणाला. "नेहमीसारखा. काकूंना चालत नाही ना."

तो गेला. गव्हाचा तो पापडाहून पातळ, पवित्र मानलेला पापुद्रा नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकमेकांच्या हातून मोडून खातात. लेओकादिया बारा वर्षं नुसती मोडून देत होती. एकदा तेओफिलनं तांदळाचा आणला होता, तर म्हणाली, हा पापड झाला.

इर्मिना पाकिटाकडे बघत राहिली. मग तिनं तराजूमागच्या फळीवर नजर टाकली. तिथं तिचा खोका होता, औषधवाल्यांचा. रुपयाएवढ्या वाटोळ्या चकत्या, दोहोंच्या मध्ये भुकटी बंद करायची, पाण्यात बुडवून गिळायची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ओप्वातेक. गव्हाच्या पिठाचे. गेल्या महिन्यात लेओकादियाचे तीस तिनंच भरले होते. त्याला कोणी खाणं म्हणत नाही आणि औषधवाले भरही म्हणत नाहीत. काखेत कळसा, आणि तिकडे तेओफिल गावभर वळसा घालत होता.

तराजूवर शून्य होतं ते तिनं दोनदा वाचलं. गुपचूप जिलेटिनच्या कॅप्सूल भरून दिल्या असत्या, तर कोणाला कळलंही नसतं.

"काका, पीठ तुमच्या घरात नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या औषधात होतं."

"साखर आहे म्हणालात."

"आत साखरच. वरचा ओप्वातेक गव्हाचा. मी निवडला. म्हणजे, निवडलाच नाही. हाताला आला तो घेतला."

तेओफिल टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणून ती घ्यायच्या आधी छातीवर क्रुसाची खूण करायची," तो म्हणाला. "मला वाटलं, दुखण्याला घाबरते."

"अजून किती उरलेत?"

"एक. दुपारी घेईल."

इर्मिनानं फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा काउंटरवर ठेवला. त्याच्याकडे न बघता बोलणं तिला जमलं नसतं, आणि बघूनही जमत नव्हतं.

"काकू, मी इर्मिना, दुकानातून. दुपारचं औषध घेऊ नका. माझी चूक झालीय. त्याचा ओप्वातेक..."

"गव्हाचा आहे," लेओकादिया पलीकडून म्हणाली. आवाज बारीक होता, पण शांत. "पहिल्याच दिवशी जिभेवर ठेवला तेव्हा कळलं. ती चव काय विसरते होय?"



"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर बंद केले असतेत."

"अहो, किती हाल झाले तुमचे."

"झाले खरे." थोडी खरखर झाली. "नाताळपर्यंत कळलं नसतं तर बरं होतं. आणखी तीसच तर."

"आजचा तरी टाकून द्या, काकू."

"आजचा मघाशीच घेतला."

इर्मिनानं खोका फळीवरून उतरवला आणि उगीच काउंटरखाली ठेवला.

"तेओफिल ऐकतोय का?" लेओकादियानं विचारलं.

तेओफिल रिकाम्या तराजूकडे बघत होता.

"ऐकतायत."

"त्याला म्हणावं, चमच्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तसेही जुने झाले होते."